मनगटाने मोजलेली पावले : साडेतीन हजारांच्या स्मार्टवॉचची तीन महिन्यांची पडताळणी

घड्याळ घेऊन महिना झाला होता. ऑगस्टमधल्या एका रात्री माझ्यासमोर एकाच दिवसाचे तीन आकडे होते. मनगटावरचे घड्याळ ७,९४२ पावले सांगत होते, फोनमध्ये आधीपासून असलेले आरोग्याचे ॲप ५,१०६ सांगत होते, आणि या दोघांचा मेळ घालण्यासाठी मुलाने टाकून दिलेले तिसरे ॲप १३,०४८ हा आकडा रंगीबेरंगी पताकांसह दाखवून माझे अभिनंदन करत होते. तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्यामुळे तिसरा आकडा ही पहिल्या दोहोंची तंतोतंत बेरीज आहे, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. पण पहिल्या दोहोंपैकी खरा कोणता, हे काही केल्या सांगता येईना. पुढचे दोन महिने मी त्याचा छडा लावण्यात घालवले आणि हे परीक्षण त्यातूनच तयार झाले आहे.

घड्याळ ऑनलाइन घेतलेले, ३,४९९ रुपयांचे, गोल तबकडीचे आणि सिलिकॉनच्या पट्ट्याचे आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतली घड्याळे बाहेरून कितीही वेगळी दिसली तरी पावले मोजण्याच्या बाबतीत एकमेकांची भावंडेच असतात. भाच्याच्या आणि शेजारच्या वहिनींच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या घड्याळांवर मी हेच प्रयोग केले, तेव्हा निष्कर्षात सांगण्याजोगा फरक पडला नाही. शिवाय मला ज्या अडचणी आल्या, त्यांपैकी निम्म्यांचे मूळ कंपनीपेक्षा घड्याळ कोठे बांधले आहे, यातच सापडले.

कोणत्याही मापनाची परीक्षा घ्यायची, तर त्याहून विश्वासार्ह मापन हाताशी असावे लागते. पावले मनात मोजणे शंभरापर्यंत ठीक असते, पुढे ओळखीचे कोणी भेटले की हिशेब सुटतो. ही अडचण सासूबाईंच्या नामजपाच्या काउंटरने सोडवली. देवस्थानांबाहेरच्या दुकानांत मिळणारे, बोटात अंगठीसारखे अडकवायचे, बटण दाबले की एक आकडा पुढे जाणारे हे छोटे यंत्र माझ्या कामाला अगदी योग्य ठरले. उजवा पाय पडला की अंगठ्याने एकदा बटण दाबायचे. हजार वेळा दाबले की दोन हजार पावले झाली. घड्याळ डाव्या मनगटावर आणि काउंटर उजव्या हातात असल्यामुळे मोजणीचा घड्याळाच्या हाताला त्रास होत नाही. सासूबाईंनी काउंटर दिला खरा, पण संध्याकाळी जपाच्या वेळेपूर्वी तो शून्यावर आणून परत करायचा, अशी अट घातली.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी हे यंत्र नेमके काय मोजते, ते सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्यासह बहुतेकांचा गैरसमज तेथेच होतो. घड्याळाला आपले पाय दिसत नाहीत. त्याच्या आत ॲक्सिलरोमीटर, म्हणजे त्वरणमापक नावाची सिलिकॉनची एक सूक्ष्म रचना असते. तिच्यात लवचीक टेकूंवर तोललेला एक अतिसूक्ष्म भार तीन दिशांना किती हलतो, हे विद्युतधारितेतील, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतील, बदलावरून सेकंदाला अनेक वेळा नोंदले जाते. सामान्य गतीने चालणारा माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावले टाकतो, म्हणजे शरीराला सेकंदाला सुमारे दोन ठेके बसतात. घड्याळातील प्रणाली नोंदींच्या आलेखात हा ठेका शोधते. चढउतार पुरेसा मोठा असेल, ठराविक अंतराने येत असेल आणि काही काळ टिकत असेल, तर ते चालणे, असे ती ठरवते. फोनही हेच करतो, फक्त तो हा ठेका मनगटाऐवजी कमरेपाशी, मांडीपाशी किंवा पिशवीच्या तळाशी ऐकत असतो. चालताना हात आणि मांड्या एकाच लयीत हलतात तोपर्यंत दोघांचे एकमत होते. ती लय वेगळी झाली की मतभेद सुरू होतो. त्या रात्रीच्या पहिल्या दोन आकड्यांतला फरक असाच पडला असणार, असा अंदाज बांधून मी कामाला लागले.

पहिली परीक्षा सर्वांत सोपी होती. आमच्या भागातील मैदानावर ४०० मीटरची आखलेली धावपट्टी आहे. तेथे पहाटे साडेपाचला, हात मोकळे सोडून, नेहमीच्या चालीने पाच वेगवेगळ्या दिवशी मी प्रत्येकी २,००० पावले चालले. घड्याळाचा सर्वांत कमी आकडा १,९७२ आणि सर्वांत जास्त १,९९१ आला. ट्रॅकपँटच्या घट्ट खिशातल्या फोनने १,९८५ ते २,००६ असे आकडे दिले. पाऊलमापकांसाठीच्या जपानी औद्योगिक मानकात १०० पावलांमागे ३ पावलांची चूक मान्य धरलेली आहे, त्या हिशेबाने दोघेही सहज उत्तीर्ण होतात. साडेतीन हजारांत एवढी अचूकता मिळावी, याचे मला प्रामाणिकपणे आश्चर्य वाटले. सकाळचा फेरफटका मोजण्यासाठीच घड्याळ हवे असलेल्यांनी पुढचे परीक्षण वाचले नाही तरी चालेल.

माझा दिवस मात्र मैदानावर संपत नाही, आणि सपाट रस्त्यावर मोकळ्या हातांनी चालण्याची चैन दिवसातून तासभरच मिळते. पर्वती आमच्या घरापासून जवळ असल्यामुळे दुसरी परीक्षा तेथे झाली. पर्वतीच्या १०३ पायऱ्या इतक्या ऐसपैस आहेत, की प्रत्येक पायरीवर एकाहून अधिक पाऊल पडते. माझी चढतानाची पावले २३६ भरली. हात मोकळा ठेवून चढले तेव्हा घड्याळाने त्यांतली २२१ मोजली. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने कठड्याचा आधार घेत चढले, तेव्हा मोजणी ८४ वर थांबली. गुडघे दुखणारी माणसे आधार घेतल्याशिवाय चढत नाहीत आणि पावले मोजण्याचा सल्ला डॉक्टर बहुधा त्यांनाच देतात, हा विरोधाभास मला तेथे बसल्या बसल्या जाणवला.

तोच प्रकार सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीचा. दोन्ही हात ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवून ६४० पावले चालले, त्यांतली घड्याळाला ११८ कळली. मंडईतून दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन घरी येताना निम्म्याच्या आसपास मोजणी झाली, कारण ओझ्याने ताणलेला हात झुलत नाही. बाबागाडी ढकलणाऱ्या आई, चाकांची खुर्ची ढकलणारे परिचारक, छत्री धरून चालणारी पावसाळ्यातली सगळी मंडळी यांच्या बाबतीत हेच घडणार, हे उघड आहे. जुलै महिन्यात माझा आकडा सातत्याने कमी का येत होता, याचा उलगडा डाव्या हातातल्या छत्रीने केला.

सासूबाईंवरचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांचे वय ८२ आहे. उजव्या हातात काठी घेऊन त्या रोज संध्याकाळी सोसायटीच्या वाहनतळावर सावकाश फेऱ्या मारतात. घड्याळ त्यांच्या डाव्या मनगटावर बांधले आणि मी शेजारून काउंटर दाबत चालले, तेव्हा प्रत्यक्ष ३०० पावलांपैकी १७१ नोंदली गेली. संथ, घसटत्या चालीत मनगटाला बसणारा ठेका इतका क्षीण असतो, की प्रणाली त्याला हालचालच मानत नाही. मग तेच घड्याळ घोट्यापाशी पायमोजात सरकवले, आणि त्याच ३०० पावलांना २८८ चा आकडा मिळाला. वृद्धांची चाल मोजायची असेल तर घोटा ही मनगटापेक्षा चांगली जागा आहे, हे ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी अवश्य करून पाहावे. घड्याळासोबत आलेल्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. पंचवीस-तिशीतल्या धावणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे मात्र पानोपानी आहेत.

आता उलट बाजू, म्हणजे न चाललेली पावले. ही बाजू मी ओट्यापाशी उभी राहून तपासली. घड्याळ डाव्या मनगटावर असताना बारा भाकऱ्यांनी ९४ पावले दिली. तेच उजव्या मनगटावर बांधून बारा भाकऱ्या थापल्या तेव्हा ३८६ मिळाली. भाकरी थापण्यात चालण्याशी मिळतीजुळती लय असते, शिवाय परातीवर पडणारा प्रत्येक थापा हा टाचेच्या आघातासारखाच स्पष्ट असतो, त्यामुळे यंत्राची फसगत होणे स्वाभाविक आहे. कणीक मळताना साधारण १४० पावले झाली. पोळ्या लाटताना फक्त ६१ झाली, कारण लाटण्यावर हात पुढेमागे सरकतो, आपटत नाही. या सर्वांवर कडी केली ती गणपतीच्या दिवसांतील आरत्यांनी. वीस-पंचवीस मिनिटे एका जागी उभे राहून टाळ्या वाजवल्यावर घड्याळाने माझ्या नावावर १,२१४ पावले जमा केली. झांज वाजवणाऱ्या भाच्याच्या मनगटावर याहून अधिक पुण्य साठले.

त्याच स्वयंपाकघरात उलटी चूकही होते, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. ओट्यापासून बाहेरच्या खोलीतील जेवणाच्या टेबलापर्यंत माझी नऊ पावले होतात. वाढताना, आवरताना मी हे अंतर थांबत थांबत वीस वेळा कापले, म्हणजे १८० पावले झाली. घड्याळाने २४ दाखवली. ठेका काही काळ टिकला तरच ते चालणे मानायचे, हा जो नियम खोट्या पावलांना अटकाव करण्यासाठी घातलेला असतो, तोच येथे आड येतो. सलग दहा-बारा पावले पडेपर्यंत यंत्र वाट पाहते, खात्री पटली की ती मागची पावले एकदम जमा करते, आणि खात्री पटण्याआधीच माणूस थांबला तर ती सोडून देते. घरकाम करणाऱ्या बाईची चाल ही बहुतांशी अशीच तुकड्यातुकड्यांची असते. तिच्या बाबतीत घड्याळ एकीकडे न चाललेली पावले जमा करते आणि दुसरीकडे चाललेली पावले बुडवते. दिवसाअखेरीस दोन चुका एकमेकींना कापून आकडा बरोबर वाटू शकतो, पण वर्गात अशा उत्तराला मी गुण दिले नसते.

दुचाकीचा त्रास आम्हां पुणेकरांना विशेष आहे. सहकारनगरहून हडपसरपर्यंत स्कूटर चालवत गेले, की घड्याळाच्या खात्यात २१० ते ३४० पावले जमा होतात. हँडलची थरथर, गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांची अवस्था यांचा तो संयुक्त परिणाम आहे. आकड्यावरून कोणता रस्ता घेतला, हे ओळखता येईल की काय, अशी शंका मला मध्यंतरी येऊ लागली होती. डिकीतल्या फोनने त्याच प्रवासात २० च्या वर पावले कधी दाखवली नाहीत. अँड्रॉइड फोनमध्ये माणूस पायी आहे, सायकलवर आहे की वाहनात, हे ओळखण्याची सोय असते. माझ्या घड्याळात ती आहे असे कोठेही आढळले नाही.

मग फोनच का वापरू नये, असे कोणी विचारेल. २०१३ पासून, म्हणजे आयफोन ५एस आणि अँड्रॉइड ४.४ आले तेव्हापासून, कमी बॅटरीत सतत पावले मोजण्याची यंत्रणा फोनमध्येच मिळू लागली. २०१५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात १४ जणांना ट्रेडमिलवर ५०० आणि १,५०० पावले चालायला लावून फोनमधील ॲप आणि अंगावर घालायची उपकरणे यांची तुलना केली होती. फोनवरील मोजणी प्रत्यक्षापेक्षा ६.७ टक्के कमी ते ६.२ टक्के अधिक या मर्यादेत राहिली, तर अंगावरच्या उपकरणांतील फरक १.५ टक्क्यांपासून २२.७ टक्क्यांपर्यंत, आणि तोही प्रत्येक वेळी कमीच्या बाजूने, होता. उपकरणे तेव्हापासून बरीच सुधारली आहेत, तरीही खिशातला फोन हा मनगटावरच्या घड्याळाला तुल्यबळ असतो, हे माझ्या मैदानावरील आकड्यांनीही दाखवले.

अडचण अशी, की खिसा असावा लागतो. साडीला खिसा नसतो, बहुतेक तयार कुर्त्यांना तो दिलेला नसतो, आणि घरात असताना फोन चार्जरला, टेबलावर किंवा फ्रिजवर पडलेला असतो. माझ्या फोनने त्या रात्री दाखवलेली ५,१०६ पावले ही माझी पावले नव्हतीच, ती माझ्या पर्सची पावले होती. यावर उपाय म्हणून मी शिंप्याकडून चार कुर्त्यांना आतून फोन घट्ट बसेल एवढे खिसे लावून घेतले. प्रत्येकी ६० रुपये पडले. मोजणीच्या अचूकतेत झालेली सर्वांत मोठी सुधारणा या खर्चाने झाली. ट्रॉलीच्या ज्या फेरीत घड्याळाने ६४० पैकी ११८ पावले पकडली होती, तशाच पुढच्या फेरीत खिशातल्या फोनने ६४० पैकी ६२७ पकडली. यजमानांना हा शोध सांगितला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शर्टाला खिसा असणे ही काय सांगण्याची गोष्ट आहे, असा भाव होता.

आता त्या १३,०४८ कडे वळते. घड्याळाचे स्वतःचे ॲप, फोनचे ॲप आणि तिसरे एखादे ॲप यांच्यात माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट नावाची व्यवस्था आहे, आणि अँड्रॉइड १४ पासून ती फोनच्या सेटिंगमध्येच अंतर्भूत आहे. घड्याळ आणि फोन या दोघांनीही आपापली पावले तेथे लिहिली, तर एकाच चालण्याच्या दोन नोंदी होतात. वाचणाऱ्या ॲपने या व्यवस्थेकडे एकत्रित बेरीज मागितली तर दुहेरी नोंदी गाळल्या जातात. त्याने सुट्या नोंदी उचलून स्वतःच बेरीज केली, तर मात्र माझ्यासारखी गत होते. हेल्थ कनेक्टच्या सेटिंगमध्ये माहितीचे स्रोत आणि त्यांचा प्राधान्यक्रम ठरवण्याची सोय आहे. तेथे मी फोनला पहिले स्थान दिले, घड्याळाला दुसरे, आणि बेरीज करणारे तिसरे ॲप काढून टाकले. आयफोनवर ॲपलच्या हेल्थ ॲपमध्येही पावलांच्या पानावर खाली स्रोतांची यादी असते आणि तिचा क्रम बदलता येतो. वरचा स्रोत अग्रहक्काने धरला जातो. ज्यांना रात्री एकाएकी दुप्पट आकडे दिसू लागतात, त्यांनी घड्याळ बदलण्याआधी ही यादी पाहावी.

ज्यांचा आकडा कमी दिसतो किंवा दुपारीच गोठतो, त्यांनी दोन ठिकाणे तपासावीत. अँड्रॉइड १० पासून शारीरिक हालचाल वाचण्याची वेगळी परवानगी ॲपला द्यावी लागते. ती नाकारली असेल तर ॲप उघडते, पण शून्यावर बसून राहते. दुसरे म्हणजे बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन पार्श्वभूमीतली ॲप बंद करतो. माझ्या घड्याळाचे ॲप रोज दुपारी असेच निजत असे, आणि त्याला बॅटरीच्या निर्बंधांतून वगळल्यावर ते सुधारले. यासाठी ग्राहक सेवेला तीन ईमेल पाठवल्या होत्या. तिन्हींना घड्याळ रीसेट करा, असे एकच उत्तर आले, आणि रीसेट केल्यावर त्या दिवसाची पावलेही गेली.

अंतराचा हिशेब पावलांपासून वेगळा ठेवला पाहिजे. या घड्याळात स्वतःचे जीपीएस नाही. फोन जवळ नसेल तर ते पावलांची संख्या आणि पावलाची अंदाजे लांबी यांचा गुणाकार करून अंतर सांगते, आणि ती लांबी उंचीवरून काढते. त्यासाठी उंचीला ०.४१५ च्या आसपासच्या संख्येने गुणण्याचा प्रघात आहे. माझी उंची १७० सेंटीमीटर, म्हणजे पाऊल सुमारे ७०.५ सेंटीमीटरचे धरले जाणार. धावपट्टीच्या पाच फेऱ्यांना, म्हणजे दोन किलोमीटरला, माझी प्रत्यक्ष पावले ३,०७७ लागली, याचा अर्थ माझे पाऊल ६५ सेंटीमीटरचे आहे. घड्याळाने ३,०४६ पावले मोजली आणि अंतर २.१५ किलोमीटर सांगितले. पावलाची लांबी थेट भरण्याची सोय ॲपमध्ये नसल्यामुळे मी उलटे गणित मांडून उंचीच १५७ सेंटीमीटर भरली, आणि अंतर १.९८ किलोमीटरवर आले. तेव्हापासून घड्याळाच्या लेखी मी पाच फूट दोन इंचांची आहे. अशी पडताळणी करणाऱ्यांनी धावपट्टीच्या सर्वांत आतल्या मार्गिकेतून चालावे, कारण ४०० मीटरचे अंतर तिथलेच असते. प्रमाणित धावपट्टीची आठवी मार्गिका सुमारे ४५३ मीटरची भरते, आणि तिच्यातून चालून घड्याळाला दोष देणे अन्यायाचे होईल. धावणारी मुले येण्याआधी मात्र आतली मार्गिका मोकळी करून द्यावी.

अधिक पैसे खर्च केले तर यातले किती दोष जातात, हे पाहण्यासाठी पुतणीचे पंचेचाळीस हजारांचे घड्याळ आठवडाभर उसने घेतले. त्याच्या पडद्यापुढे माझा पडदा फिका वाटतो. स्कूटरवर त्याने ३० च्या वर पावले कधीच धरली नाहीत, स्वतःचे जीपीएस असल्यामुळे अंतर बिनचूक सांगितले, आणि आरत्यांऐवजी घरी टाळ्या वाजवून पाहिल्या तेव्हा ते निम्म्याने कमी फसले. भाकऱ्यांच्या वेळी मात्र त्यालाही २०० च्या पुढे पावले दिसली, आणि ट्रॉलीच्या परीक्षेत ते ६४० पैकी २०५ वर अडकले. स्थिर मनगटावर बांधलेल्या यंत्राला पायांची वार्ता कळायला मार्गच कमी आहे, त्याला किंमत तरी काय करणार. केवळ पावलांसाठी एवढी रक्कम घालण्याचे कारण मला दिसले नाही.

घड्याळाच्या इतर गुणदोषांवर थोडक्यात. बॅटरी सात दिवसांचा दावा करते आणि पाच दिवस चालते. उन्हात आकडे वाचता येतात. पट्टा दमट हवेत त्वचेला चिकटतो, आणि बांगड्यांच्या मागे बांधले तर घड्याळ कोपराकडे सरकत राहते. पावलांवर त्याचा परिणाम नगण्य होतो, पण नाडीचे ठोके मोजण्यात खंड पडतो. मराठीत सूचना दाखवण्याचा पर्याय आहे, त्यातले मराठी मात्र यंत्राने केलेले असून ‘आपण हलण्याची वेळ’ असे सांगून ते दर तासाला दचकवते.

घड्याळात आधीच भरून आलेल्या १०,००० पावलांच्या उद्दिष्टाबद्दलही सांगायला हवे, कारण अचूकतेची सारी तगमग त्या आकड्यापायी होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली यामासा या जपानी कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, या नावाचे यंत्र विक्रीला आणले, आणि ते नावच पुढे जगाचे उद्दिष्ट होऊन बसले. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमधील मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी आढळला, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर त्यात आणखी घट दिसली नाही. मी उद्दिष्ट ७,५०० वर आणून ठेवले आहे, त्यामुळे पताका लवकर फडकतात. काही आरोग्यविमा कंपन्या रोजच्या पावलांवर हप्त्यात सवलत देतात. त्यांच्या दृष्टीने माझ्या भाकऱ्या आणि आरत्या यांचे मोल रुपयांत होते, हा विचार मात्र मला स्वस्थ बसू देत नाही.

माझ्या मते हे घड्याळ पाचपैकी साडेतीन गुणांचे आहे. मोकळ्या हातांनी फिरायला जाणाऱ्याने ते निःशंक घ्यावे. ज्याच्या कपड्यांना घट्ट खिसा आहे आणि ज्याचा फोन दिवसभर त्या खिशातच असतो, त्याने पावलांसाठी ते घेऊ नये, कारण त्याच्याजवळ तितकेच चांगले मापक आहे. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या वडीलधाऱ्यांना भेट द्यायचे असेल, तर पायमोजात राहील असे छोट्या आकाराचे पाहावे. घरातच वावर असणाऱ्यांनी दिवसाच्या एकूण आकड्यावर विसंबण्याऐवजी फिरायला निघताना घड्याळावर चालण्याची स्वतंत्र नोंद सुरू करावी आणि घरी आल्यावर ती बंद करावी. मी आता तसेच करते, आणि डाव्या मनगटावरचे घड्याळ कणीक मळण्याआधी काढून खिडकीत ठेवते.

गेल्या आठवड्यात घड्याळाला नवे अपडेट आले आणि पाऊलमोजणीत सुधारणा केल्याचे त्यात लिहिले होते. मैदानावर २,००० पावलांना १,९८३ चा आकडा आला, म्हणजे पूर्वीसारखाच. मग उजव्या मनगटावर बांधून पुन्हा बारा भाकऱ्या थापल्या. या वेळी ४१२ पावले झाली.